वस्तादांची लाइन

ईश्वरीचं लग्न झालं ते साल दोन हजार एकोणचाळीस. हिंदुराव चौगुल्यांची ती एकुलती एक लेक. कोल्हापूरच्या वेशीवरल्या एका कार्यालयात दुपारी अक्षता पडल्या, पंगती उठल्या. वरातीसाठी नवरदेव घोड्याकडं निघाला, तेवढ्यात नवरीनं शालू वर खोचला, अंगणातली विजेची मोटरसायकल सुरू केली आणि त्याला म्हणाली, "बसा मागं."

"अगं ए, निदान हळद तरी सुकू दे!" तिची आई मालन ओरडली. वऱ्हाडातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेव कौस्तुभ फेटा सांभाळत मागं बसला.

फाटकातून बाहेर पडलं की लगेच डावीकडं अरुंद वळण होतं, आणि वळणावर बांधकामाची वाळू सांडली होती. सगळे नवरीच्या तोंडाकडं बघत होते. हिंदुराव तिच्या कोपराकडं बघत होता. ती आधी उजवीकडं सरकली, मग मान वळवून वळणाच्या पार पलीकडं नजर टाकली, डावा खांदा जरासा पाडला आणि गाडी अशी आत झोकली की मागं बसलेल्याला कळलंसुद्धा नाही. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला. शालूतली नवरी बघून त्यानं हसून हात जोडले.

"हिंदुराव," शेजारी उभा असलेला एक जुना दोस्त म्हणाला, "ही पोरगी न्हवं लेका. हा तूच गेलास की!"

हिंदुराव हसला. पण दोस्त थट्टेत बोलला ते खरंच होतं. डावा खांदा पाडायची खोड त्याची होती. तरुणपणी शर्यतीत गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ते नीट बसलं नाही, तेव्हापासूनची. ईश्वरीचं कुठलंच हाड कधी मोडलं नव्हतं. आणि महिन्यापूर्वी ती साधं वळण घेताना दात आवळून बसायची.

हिंदुराव माळावरच्या ट्रॅकचा मालक. पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका उघड्या माळावर त्यानं वडिलांची जमीन घालून डांबराचा वळणावळणांचा ट्रॅक केला होता. तिथं तो मोटरसायकल वळवायला शिकवायचा. सरळ रस्त्यावर कुणीही पळवतं, म्हणायचा, माणूस कळतो तो वळणात. कुस्तीच्या गावची पोरं त्या ट्रॅकला तालीम म्हणायची आणि त्याला वस्ताद.

नवा गडी आला की त्याला पहिल्या दिवशी गाडी मिळत नसे. चपला काढून वस्तादांच्या मागोमाग सगळा ट्रॅक पायी चालायचा. मध्येच वस्ताद थांबायचे. "तळव्याला काय लागतंय?" डांबर कुठं गुळगुळीत झालंय, कुठं उतार आतल्या अंगाला आहे, कुठं माळाची माती वाऱ्यानं येऊन बसते, हे पायांना कळल्याशिवाय हातांना कळत नाही, असं त्याचं मत. मग गाडी, आणि मग भीतीशी झोंबाझोंबी.

कारण वळणावर माणूस पडतो तो भीतीनं. गाडी आडवी होऊ लागली की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला ओरडून सांगतो, पडतोयस, पडतोयस. मग माणूस हात आवळतो, ब्रेक दाबतो आणि ज्या कठड्याला भितो त्याच्याकडंच बघत राहतो. गाडी तर नजरेच्या मागं जाते. उजवीकडं वळायचं असेल तर उजवी मूठ पुढं ढकलायची, हे शंभरदा सांगितलं तरी घाबरलेलं अंग उलटंच करतं. हे ओरडणं बंद व्हायला कुणाला दोन वर्षं लागत, कुणाला पाच. निहाल मुजावरचं तर सातव्या वर्षीही बंद झालं नव्हतं.

निहाल तिशी ओलांडलेला, बायको आणि दोन मुली असलेला माणूस. कोल्हापुरातून गगनबावड्यावरून खाली कोकणात दवाखान्यांना औषधं आणि रक्ताच्या पिशव्या पोचवायचा. दर रविवारी माळावर यायचा आणि दर रविवारी नापास व्हायचा.

"वस्ताद, आता तरी पास करा. पोरी कॉलेजला जातील."

"तू घाटात कसा जातोस रं?"

"बैलगाडीसारखा. मागचे शिव्या देतात, मी ऐकत जातो."

"मग तसाच जा. तुझ्यासारखी चालवणारी चार माणसं असती तर कोल्हापुरात हाडाचे डॉक्टर उपाशी मेले असते."

निहाल हसायचा, पण मनात लागायचं त्याला. एकदा तो म्हणाला, "तुम्हाला काय वस्ताद, तुम्ही तर रस्त्यावर येतच नाही." तेही खरं होतं. हिंदुरावनं रस्त्यावर दुचाकी चालवणं सोडून पंचवीसेक वर्षं झाली होती. माळावर जायचं तर जीपनं, आणि जीप मालन चालवायची. रस्त्यावर येडी माणसं असतात, म्हणायचा.

कौस्तुभ पुण्याचा. नसा आणि स्नायूंवर काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. आधी शिकायला म्हणून माळावर आला, मग ईश्वरीसाठी येत राहिला. लग्न ठरायच्या आधी तो हिंदुरावला काका म्हणायचा, ठरल्यावर मामा म्हणू लागला. एका संध्याकाळी ट्रॅकच्या कडेला बसून त्यानं आपलं यंत्र पहिल्यांदा उलगडून दाखवलं. यंत्र कसलं, पातळ कापडाची बंडी, दोन हातमोजे आणि कानांमागं चिकटवायच्या दोन टिकल्या.

"मामा, पोहणं आपण विसरतो का?"

"नाही."

"का? कारण ते आठवणीत नसतंच. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, त्यात हालचालींचे साचे बसलेले असतात. तिथं गेलेली गोष्ट डोक्याला विचारत नाही, अंग परस्पर करतं. तुमचा साचा बसायला चाळीस वर्षं लागली. ही बंडी तुम्ही घालून चालवा. कुठला स्नायू कधी, किती आवळला, नजर कुठं गेली, सगळं ती टिपून घेईल. मग हीच बंडी शिकणाऱ्यानं घातली, की ती त्याच्या त्याच स्नायूंना, त्याच क्रमानं बारीक विजेचा चिमटा देते. कानामागच्या टिकल्या तोलाच्या अवयवाचं ओरडणं दाबतात. रोज तासभर चालवायचं आणि रात्री गाढ झोपायचं, कारण साचा झोपेत घट्ट होतो. पंधरवड्यात बंडी काढून ठेवायची. साचा त्याचा झाला."

"आणि भीती?"

"ती उरत नाही."

हिंदुरावनं बंडी उचलून हातात घेतली. दरसाल घाटांत किती तरणी पोरं जातात ते त्याला ठाऊक होतं. त्याच्याच तालमीत अर्धवट शिकलेली दोन गेली होती.

"पोरं वाचतील म्हणता?"

"हजारो." मग कौस्तुभ म्हणाला, "एकच विचारतो. तुमचं जे आहे ते सगळं जाईल, निवडून काढता येणार नाही. तुमच्या चालवण्यात असं काही आहे का, जे दुसऱ्यात जाऊ नये?"

हिंदुराव खांदा चोळत हसला. "हा पडका खांदा सोडला तर माझ्या वळणात खोट नाही, जावईबापू. चाळीस वर्षांत कुणाला सापडली नाही."

ते गर्वानं म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ती बंडी पहिल्यांदा घातली ईश्वरीनं, लग्नाच्या आधीच्या महिन्यात. बापाच्या हाताखाली ती तीन वर्षं शिकत होती आणि बाप तिला पुढं जाऊ देत नव्हता. भितीस अजून, म्हणायचा. पंधराव्या दिवशी बंडी काढून ती ट्रॅकवर उतरली आणि सगळी वळणं बापासारखी घेऊन आली. हेल्मेट काढलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "आबा, तुम्हाला असं वाटतं होय? रोज?"

पुढच्या दीड वर्षात माळावर गर्दी मावेना. कंपनीनं शेड बांधल्या. पुणे, नाशिक, सोलापूरकडून माणसं येत. पायी चालायची फेरी बंद झाली, तेवढा वेळ कुणाला होता? निहालही पंधरवड्यात पास झाला. त्यानं पेढे आणले आणि वस्तादांच्या पायाला हात लावला.

"आता बैलगाडी न्हाई वस्ताद. काल घाटात एका मोटारवाल्याला मीच शिव्या दिल्या."

हिंदुरावनं पेढा खाल्ला. गोड लागला.

मग बातम्या येऊ लागल्या. कराडकडचा एक जण आंबा घाटात गेला. नाशिककडची एक शिक्षिका. मग एकाच आठवड्यात दोघं. आधी हिंदुरावला वाटलं, वेग. पोरांना भीती उरली नाही, जास्त पळवत असतील. त्यानं शेडमध्ये उभं राहून सगळ्यांना दम भरला. पण मरणारे पळवत नव्हते, असं त्यांच्याच गाड्यांतली यंत्रं सांगत होती. सगळे बेताच्या वेगात होते. सगळे नीट वळणात होते. आणि सगळे समोरून येणाऱ्या गाडीवर आदळले होते.

एक दिवस मालनला तिच्या भाच्यानं मोबाइलवर एक चित्रण पाठवलं. भाचा ट्रक चालवायचा, ट्रकच्या काचेवरल्या कॅमेऱ्यातलं होतं ते. घाटातलं वळण, समोरून येणाऱ्याला डावं. वळणापलीकडून एक मोटरसायकल येते ती थेट ट्रकच्या तोंडासमोर, मग हळुवार आपल्या बाजूला आत शिरते, कडेला टेकते, आणि पुन्हा रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं बाहेर पडते. ट्रकच्या भोंग्याचा आवाज. खाली भाच्यानं लिहिलं होतं, मावशी, ही आपली इशू आहे का? सांभाळायला सांगा.

हिंदुरावनं ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

बाहेरून आत, आतून बाहेर. ट्रॅकवर वळण घ्यायची हीच रीत. वळणाआधी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला जायचं, मध्यावर आतल्या कडेला टेकायचं, सुटताना पुन्हा बाहेर. तेवढ्यानं वळण मोठं होतं, गाडी कमी आडवी करावी लागते. यालाच लाइन म्हणतात. ट्रॅकवर सगळा रस्ता आपला असतो, समोरून कुणी येत नाही. ट्रॅकवरच्या चाळीस वर्षांत त्याच्या अंगासमोर कुणी आलंच नव्हतं. त्यातली शेवटची पंचवीस तर तो रस्त्यावर उतरलाच नव्हता. त्याच्या साच्यात समोरचा माणूस नव्हता.

रविवारी लेक-जावई जेवायला आले, तेव्हा हिंदुरावनं ते चित्रण ताटाशेजारी ठेवलं.

"मी नाही ही," ईश्वरी म्हणाली.

"गाडी तुझी हाय."

"गाडी माझी असेल. पण मी डावीकडंच असते आबा. मला काय कळत नाही? मी रोज बघते, डावीकडंच असते."

"खोटं बोलतीयस."

"मी खोटं बोलत नाही!" तिनं घास ताटात टाकला. "तुम्हाला आधीपासून सहनच झालं नाही, मी पंधरा दिवसांत शिकले ते."

मालननं दोघांकडं पाहिलं. "जेवून तरी घ्या. भांडण कुठं पळून जातंय?"

दुपारी हिंदुरावनं कबड्डीच्या मैदानाला मारतात तसल्या फक्कीची पोती आणवली आणि अख्ख्या ट्रॅकच्या मधोमध पांढराशुभ्र जाड पट्टा मारला. ईश्वरीला म्हणाला, "एक फेरी. सावकाश. पट्ट्याच्या डावीकडं राहायचं. चाकाला फक्की लागता कामा नये."

ती रागानंच निघाली, शांतपणे फेरी मारून आली आणि गाडी बापासमोर उभी केली. "झालं समाधान? एकदासुद्धा ओलांडला नाही."

हिंदुराव चाकांपाशी गेला. त्यानं खाली बोट दाखवलं. दोन्ही चाकं पीठ चोळल्यासारखी पांढरी झाली होती.

ईश्वरी खाली वाकली. टायरवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला, जणू आपल्या घरात कुणी परकं राहत असल्याचं तिला आत्ता कळलं. "आबा, आईशपथ, मी नाही गेले," ती बारीक आवाजात म्हणाली.

"तू नाही गेलीस," हिंदुराव म्हणाला. "मी गेलो."

मग तो स्वतः गाडीवर बसला. पट्टा स्वतःच्या हातानं मारलेला, त्याची जागा पाठ. मनात पक्कं धरून त्यानं फेरी मारली. परत आला तेव्हा त्याचीही चाकं पांढरी होती.

कौस्तुभ त्या दिवसानंतर नीट झोपला नसावा. त्यानं कंपनीत सांगून पाहिलं. वरची मंडळी म्हणाली, बंडीबरोबर सूचना छापू, डावीकडून चालवा म्हणून. त्यानं सांगितलं, सूचना डोक्याला कळेल, अंगाला नाही. ते म्हणाले, अपघात तर आधीही होत होते.

"पुसून टाका ना तो साचा," हिंदुराव म्हणाला.

"पुसता येत नाही मामा. पोहणं पुसता येतं का? त्यावर दुसरा साचा बसवता येतो. पण अंग आता तुमच्या साच्याला सरावलंय, दुसऱ्या कुणाचा घातला तर दोन्ही एकमेकांत अडकतील. वळणाच्या मध्यावर अंग गोठेल. ते तर आणखी वाईट."

"म्हणजे मलाच बदलावं लागणार."

"तुमचं वय एकसष्ट आहे."

"इशू नोकरीला रोज घाटातनं जाते का नाही?"

"मी गाडी बंद केलीय तिची. बसनं जाते."

"किती दिवस जाईल? तुम्हाला ती ठाऊक नाही अजून." हिंदुराव उठला. "आणि बाकीच्यांचं काय?"

तो सगळा पावसाळा हिंदुराव माळावर एकटा शिकत होता. फक्कीचा पट्टा, डावी बाजू, एक वळण. चाक पांढरं. पुसून पुन्हा. अंग ऐकायचं नाही. चाळीस वर्षं ज्याला शाबासकी मिळाली ते एकदम चूक कसं, असं जणू विचारायचं. तो मालनला जीप घेऊन ट्रॅकवर उलट्या बाजूनं यायला लावायचा, म्हणजे अंगाला समोरचा माणूस दिसेल.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," मालन म्हणायची, "माझ्या अंगावर येऊ नका एवढं शिकायला आता पावसाळा घालवताय."

"तू आपली डावीकडं राहा."

"मी डावीकडंच असते. तुमचाच नेम नाही."

एकदा तर जीपचा आरसा त्याच्या हँडलला लागून फुटला. मालन खाली उतरली, काचा गोळा केल्या, आणि पहिल्यांदाच रडली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जीप घेऊन आली.

दरम्यान हिंदुराव घरोघर फिरला. जे जवळपास होते त्या सगळ्यांना सांगितलं, नवी बंडी येईपर्यंत गाडी घरीच ठेवा. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, आम्ही डावीकडंच असतो वस्ताद. निहालच्या दारात तो सगळ्यात जास्त वेळ बसला.

"वस्ताद, गाडी ठेवली तर खाऊ काय? आणि मी बघून चालवतो हो. तुमच्या गळ्याची आन."

"पूर्वीसारखा जा की. बैलगाडीसारखा."

निहाल खिन्न हसला. "तसं आता जमतच नाही वस्ताद. खूप आठवून बघतो, भीती वाटावी म्हणून. वाटतच नाही."

दसऱ्यानंतर हिंदुरावची चाकं काळीच राहू लागली. एकदा, मग रोज. मालननं जीप अचानक वळणावर आणली तरी तो आपल्या अर्ध्यात असायचा. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "आज मनात काहीच नव्हतं गं. स्वैपाकाचा विचार चालला होता. तरी डावीकडंच राहिलो." त्या दिवशी त्याला कळलं की साचा बसला.

कौस्तुभचं म्हणणं होतं, ट्रॅकवरच टिपून घेऊ. हिंदुराव ऐकेना. "मागं तेच चुकलं. अंगाला खरा रस्ता कळू दे. समोरून कोण येईल ठाऊक नाही, हे त्यात उतरलं पाहिजे."

"मग घाट तासभर बंद करून घेऊ."

"बंद घाट म्हणजे ट्रॅकच की, जावईबापू."

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गगनबावड्याला गेले. निहालची फेरी दुपारची असते, हे हिंदुरावनं आधीच विचारून घेतलं होतं. कौस्तुभ आणि ईश्वरी माथ्यावर मोटारीत पडद्यासमोर बसले. हिंदुरावनं बंडी चढवली. निघताना ईश्वरीनं त्याच्या पडक्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, सावकाश."

"आता सावकाशच येतं मला."

घाट उतरताना त्यानं सगळी वळणं आपल्या अर्ध्यात घेतली. पडद्यावर रेघ उमटत होती, अगदी कडेकडेनं. कौस्तुभ म्हणाला, "झालं. एवढं पुरे." खालून फोनवर हिंदुरावचा आवाज आला, "चढाचंही पाहिजे. चढाला हात वेगळा लागतो." आणि तो माघारी वळला.

तिकडं कोल्हापुरात त्या सकाळी एक फोन आला होता. खाली कोकणातल्या दवाखान्यात एक बाई बाळंत होताना अडली होती, रक्त हवं होतं. निहाल दुपारची वाट न बघता निघाला. माथ्यावर त्यानं मोटारीतल्या ईश्वरीला ओळखलं आणि हात केला. तिनं त्याला ओळखलं तोवर तो घाटाला लागला होता. तिनं बापाला हाक मारली, "आबा, थांबा, कडेला घ्या, निहाल..." पण त्या खोबणीत फोनची लहर पोचत नाही.

ते वळण डोंगराच्या सोंडेला वळसा घालून जातं. चढणाऱ्याला उजवं. डोंगर आतल्या अंगाला, दरीचा कठडा बाहेरच्या. पलीकडचं काही दिसत नाही, आणि विजेच्या गाड्यांना आवाज नसतो. हिंदुराव आपल्या बाजूनं, कठड्याच्या कडेनं चढत होता. सोंडेआडून तो आला. त्याच कडेनं. मान वळलेली, नजर वळणाच्या पार, डावा खांदा जरासा पाडलेला. हिंदुरावला आधी निहाल दिसलाच नाही. आपण स्वतःच येतोय असं दिसलं.

उजवीकडचा रस्ता मोकळा होता. जुनं अंग असतं तर तिकडं गेलं असतं. विचार करायला वेळ नव्हता, आणि अंगानं विचारलंही नाही. ते डावीकडंच राहिलं.

पुढं कौस्तुभनं त्या टिपणातले शेवटचे क्षण कापून नवी बंडी तयार करायला घेतली. ईश्वरीनं त्याचा हात धरला.

"कापू नको."

"इशू, त्यात ते सगळं आहे. तुला ते अंगावर जाणवेल."

"त्यात आबा डावीकडं राहिलेत. तेच तर पाहिजे."

तिनं ती बंडी पंधरा दिवस घातली, पहिल्या दिवशी आईला शेजारी उभं करून. आता ती घाटातून जाते. तिची चाकं पट्ट्याला लागत नाहीत. प्रत्येक उजव्या वळणाला तिचं अंग एकदा शहारतं आणि ती ब्रेकवर बोट ठेवून, बैलगाडीसारखी, पुढं जाते. मागचे शिव्या देतात. बाकीच्यांपैकी थोड्यांनीच नवी बंडी घेतली. उरलेले म्हणतात, आम्ही डावीकडंच असतो.

निहाल शब्बीर मुजावर त्या वळणावर जागीच गेला. हिंदुराव दत्तोबा चौगुले त्याच दिवशी संध्याकाळी, कोल्हापूरच्या दवाखान्यात, बायको आणि लेक उशाशी असताना वारला. ज्या बाईसाठी रक्त निघालं होतं ती रात्री गेली. साल दोन हजार एक्केचाळीस, तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस.